रोप किती उंच ते विचारू नका, किती दिवस शेडनेटमध्ये होतं ते विचारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेतीच्या पानावर परवा केळीच्या मृगबागेच्या, म्हणजे पावसाच्या तोंडावरच्या लागवडीच्या, तयारीवर लेख आला होता. ड्रिप आलं, बेसल डोस आला, दोन ओळीतलं अंतर आलं, पण रोप कसं बघून घ्यायचं यावर एकच वाक्य, की रोपं हिरवीगार, उंच आणि जोमदार असावीत. ते वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसलेय. मी यावल तालुक्यातली, १४ वर्षं टिश्यू कल्चरच्या, म्हणजे झाडाच्या तुकड्यापासून बाटलीत रोपं करायच्या, लॅबमध्ये काम केलंय, आधी बाटल्या धुवायला लागले, मग कटिंगला बसले आणि शेवटची ५ वर्षं ग्रोथ रूम, म्हणजे ट्यूबखाली बाटल्या ठेवायची खोली, आणि हार्डनिंगचं, म्हणजे बाटलीतलं रोप शेतासाठी तयार करायचं, शेड माझ्याकडे होतं. त्यामुळे बाटलीतल्या इवल्याशा कोंबापासून ट्रॅक्टरमध्ये भरेपर्यंत रोपाचं सगळं बघितलंय, आणि त्या वाक्यातल्या 'उंच' या एका शब्दाने आमच्या घरात काय झालं तेही बघितलंय.

मागच्या वर्षी माझ्या भावाने मेच्या शेवटच्या आठवड्यात २ एकराला ३,००० रोपं आणली. ग्रँड नैन जातीची केळी, म्हणजे आपली जी-नाईन. मी तेव्हा मुलीच्या बाळंतपणात होते, मला फोटो पाठवला त्याने, ट्रेलरमध्ये उभी केलेली रोपं, एकसारखी, गुडघ्याएवढी, बघून कोणीही म्हणेल वा काय माल आहे. मी फोटो मोठा करून बघितला तर खोड माझ्या करंगळीसारखं आणि दोन पानांच्या देठात एवढं अंतर की पान जणू मान ताणून वर बघतंय. मी लगेच फोन केला की दादा थांब, ही आठ दिवस लिंबाच्या सावलीला ठेव, मोकळी मोकळी ठेव, मग लाव. पण खड्डे तयार, मजूर ठरलेले, पाण्याची पाळी आलेली, त्याने लावून टाकली. चौथ्या दिवशी पानं पांढरी पडली, शिरांच्या मधला भाग आधी काचेसारखा पाणचट झाला मग पांढरा आणि मग कागदासारखा तपकिरी, आणि दहाव्या दिवशी ज्याचा पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, जिवंत आहे अशी रोपं मोजली तर ८०० च्या वर मेलेली निघाली. नांग्या भरल्या, म्हणजे मेलेल्या जागी नवी लावली, पण मागून लावलेलं रोप मागेच राहतं, निसवण म्हणजे घड बाहेर पडणं एकसारखं होत नाही, घडांची काढणी लांबते, हे केळीवाल्याला सांगायला नको. नर्सरीवाला म्हणाला तुमचं पाणी कमी पडलं. नर्सरीचं नाव लिहीत नाही, कारण मला त्या एका माणसाशी भांडायचं नाहीये, हे दरवर्षी घडतंय आणि दरवर्षी ऊन, पाणी, नशीब यांच्यावर ढकललं जातंय.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे की ती रोपं पाण्याने नाही मेली, उजेडाने मेली. म्हणजे उजेडाची सवय न झाल्याने मेली. हे समजायला बाटलीत काय चालतं ते थोडं सांगावं लागेल.

चांगल्या झाडाचं तलवारीसारख्या अरुंद पानाचं पिल काढतात, ते सोलत सोलत आत जायचं, शेवटी आतला पांढरा कोंब राहतो, बोटाच्या पेराएवढा. तो निर्जंतुक करून मीडियात ठेवतात. मीडिया म्हणजे क्षार, साखर, जीवनसत्त्वं आणि संजीवकं, वरून आगर घालून घट्ट केलेलं. १९६२ साली मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी तंबाखूवर काम करताना जे मिश्रण बसवलं तेच थोड्याफार फरकाने आजही जगभर चालतं, आम्ही त्याला एमएस म्हणतो. याच स्कूगने मिलरबरोबर १९५७ मध्ये दाखवलं होतं की मीडियात सायटोकायनिन हे संजीवक, म्हणजे हार्मोन, जास्त पडलं तर कोंब फुटतात आणि ऑक्झिन हे दुसरं जास्त पडलं तर मुळ्या फुटतात. सगळे त्यामुळे हार्मोनचंच बोलतात, ट्रेनिंगलाही तेच शिकवतात, पण ग्रोथ रूममध्ये राहिलेल्या माणसाला विचारा, तेवढाच हातभार उजेडाचा असतो.

पहिल्यांदा तर उजेड नकोच असतो. कोंब कापला की केळीचा चीक बाहेर येतो आणि हवा लागली की काळा पडतो, आपण केळफूल चिरताना हात काळे होतात ना, तेच. उजेडात हे अजून वाढतं आणि कापलेला तुकडा स्वतःच्याच विषाने मरतो. म्हणून आम्ही पहिले काही दिवस ते तुकडे अंधारात ठेवायचो, काळं कापड टाकून, रोज उघडून बघायचा मोह व्हायचा तरी उघडायचं नाही. मग ट्यूबखाली आणायचं, १६ तास उजेड ८ तास अंधार, २५ डिग्रीच्या आसपास गारवा. तीन चार आठवड्यात तो पांढरा गोळा हिरवट होतो, फुगतो, बाजूने बारीक बारीक कोंब फुटतात, ते वेगळे करून परत नव्या बाटलीत, असं करत एका कोंबाचे शेकडो होतात. आणि सगळ्यात शेवटी मुळ्या आणायच्या वेळी परत अंधाराची गरज, कारण मुळीला उजेड नको असतो. त्यासाठी कितीतरी लॅब मीडियात कोळशाची पूड घालतात, खालचा भाग काळा होतो, मुळी मातीतच असल्यासारखी निवांत वाढते आणि वरचा शेंडा उजेडात राहतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार नवल वाटलं होतं, एकाच बाटलीत वर दिवस आणि खाली रात्र.

उजेड नसला तर काय होतं ते बघायला लॅबमध्ये जायची गरज नाही. नवरात्रात घट बसवतो ना आपण, देवघरातल्या कोपऱ्यात, तिथे धान कसं पिवळं आणि लांब लांब येतं, आपण आनंदाने म्हणतो घट छान वाढला. ते वाढणं नव्हे, ती उजेडाची शोधाशोध आहे. दाण्यात जेवढा साठा आहे तेवढा सगळा उंच होण्यावर खर्च करतं ते रोप, की कुठेतरी उजेड सापडेल, जाड व्हायला, हिरवं व्हायला त्याच्याकडे काही उरत नाही. आमच्याकडे एकदा दोन दिवस लाईट गेली होती आणि जनरेटरवर फक्त एसी चालवला होता, तिसऱ्या दिवशी रॅकवरच्या बाटल्या बघितल्या तर कोंबांच्या माना लांबल्या होत्या, अगदी घटासारख्या.

आता महत्त्वाचा मुद्दा. ग्रोथ रूममध्ये उजेड किती असतो, तर दोन ते तीन हजार लक्स, लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप. आपल्याला ट्यूबखाली डोळे दिपतात पण झाडाच्या हिशोबाने ती संध्याकाळ आहे. आणि खान्देशात मेमध्ये दुपारी १२ ला शेतात मीटर धरलं तर १ लाखाच्या आसपास जातो. चाळीस पट फरक झाला. बाटलीतलं रोप उजेडावर जगतच नसतं मुळात, ते जगतं मीडियातल्या साखरेवर, लिटरला ३० ग्रॅम साखर घातलेली असते त्याच्यासाठी. त्याचं पान हातात घेऊन बघा कधी, ओल्या टिपकागदासारखं असतं, बोट दाबलं तर ठसा उठतो, वरून मेणाचा तो गुळगुळीत थर असतो ना मोठ्या केळीच्या पानावर, ज्याच्यावरून पाण्याचे थेंब घरंगळतात, तो जवळजवळ नसतोच. पानाच्या खालच्या बाजूची श्वासाची छिद्रं असतात ती बाटलीतल्या दमट हवेत कायम उघडीच राहिलेली असतात, मिटायची सवयच नसते त्यांना. असं पान एकदम उन्हात आणलं की दोन गोष्टी एकदम होतात, आतलं पाणी भसाभस उडून जातं आणि हरितद्रव्याला पेलवणार नाही एवढा उजेड अंगावर येतो, तो उजेड मग अन्न बनवायच्या ऐवजी पानच जाळतो. पांढरं पडणं म्हणजे तेच. तुम्ही बुडाशी कितीही पाणी ओता, ते भरून येत नाही.

म्हणून हार्डनिंग. बाटलीतून काढून, मुळांवरची आगर धुवून, कोकोपीटच्या प्रो-ट्रेमध्ये, पॉलीहाऊसमध्ये, वर सावलीची नेट, धुक्यासारखं पाणी, असे चार ते सहा आठवडे. मग पिशवीत घालून ५० टक्क्याच्या शेडनेटखाली आणखी पाच सहा आठवडे, दमटपणा हळूहळू कमी करायचा, पाणी हळूहळू ताणायचं, आणि शेवटच्या आठ दहा दिवसात नेट बाजूला सारून आधी सकाळचं ऊन, मग दुपार. यात एक गोष्ट नर्सरीवाले सांगत नाहीत आणि कदाचित काहींना माहीतही नसेल, की बाटलीतली पानं सुधारत नाहीत. ती काही जाड होत नाहीत, त्यांच्यावर मेण चढत नाही. ती फक्त नवीन पान येईपर्यंत रोपाला जगवतात आणि गळतात. खरं रोप म्हणजे नेटखाली आलेली नवीन पानं, प्रत्येक नवं पान आधीच्यापेक्षा जास्त उजेडात उमललेलं असतं म्हणून जास्त तयारीचं असतं. म्हणजे हार्डनिंग हे रोपाला शिकवणं नसून त्याला नवीन अंग यायला वेळ देणं आहे, आणि तो वेळ खतं मारून कमी होत नाही. हे ज्याला कळलं तो कधी दिवस वाचवायला जाणार नाही.

पण मेमध्ये मागणी वाढते. बुकिंग घेतलेलं असतं, लॅबकडून माल उशिरा येतो, शेतकरी रोज फोन करतो, मग ट्रेमधून पिशवीत आणि पिशवीतून गाडीत, सगळं मिळून पाच आठवड्यात. भावाची रोपं अशीच होती, नंतर चौकशी केली तेव्हा कळलं. आणि तरी ती उंच होती! इथेच सगळे फसतात, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

१९५२ साली अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलला, तिथल्या शेती खात्याच्या संशोधन केंद्रात बोर्थविक आणि हेंड्रिक्स यांच्या टीमने सॅलडच्या पानाच्या, लेट्यूसच्या, बियांवर प्रयोग केला. त्या जातीच्या बियांना उगवायला उजेड लागतो. तांबडा उजेड दाखवला तर उगवतात. पण त्यानंतर लगेच त्याच्या पलीकडचा गडद तांबडा, जो आपल्या डोळ्याला जेमतेम दिसतो, तो दाखवला तर उगवत नाहीत. परत तांबडा, उगवल्या. परत गडद तांबडा, नाही. कितीही वेळा उलटसुलट करा, शेवटचा झोत कुठला होता त्यावर बी ठरवतं. म्हणजे झाडात एक बटण आहे, तांबड्याने चालू, गडद तांबड्याने बंद. त्याला पुढे फायटोक्रोम नाव दिलं.

हे बटण झाडाला कशाला हवं, तर शेजारी कोण आहे हे ओळखायला. हिरवं पान तांबडा उजेड खाऊन टाकतं आणि गडद तांबडा तसाच आरपार सोडतं किंवा परत फेकतं. त्यामुळे आजूबाजूला गर्दी झाली की रोपापर्यंत पोचणाऱ्या उजेडात गडद तांबड्याचं प्रमाण वाढतं, बटण बंदच्या बाजूला झुकतं आणि रोपाला कळतं की शेजारी आपल्यावर चढणार, मग ते जाड व्हायचं सोडून उंच पळत सुटतं. नर्सरीत पिशवीला पिशवी चिकटवून ठेवल्या की हेच होतं. जागा वाचते, रोपं महिनाभरात गुडघ्याला लागतात, गिऱ्हाईक खूश. पण ती उंची म्हणजे घटाची उंची. मी शेड बघायचे तेव्हा चौथ्या आठवड्यात सगळ्या पिशव्या उचलून मधे हात जाईल एवढ्या लांब लावायला लावायचे, बाया वैतागायच्या, मालक म्हणायचा एवढ्या जागेत अजून ५,००० बसतील, पण आमचं रोप बुटकं आणि बुडाशी जाड निघायचं आणि लावल्यावर त्याचं पान हलायचं नाही. रोप एक फुटाच्या आसपास, ५ ते ६ चांगली पानं, त्यातली बरीचशी पिशवीत आलेली, आणि खोड अंगठ्याएवढं, यापेक्षा उंच पण बारीक असेल तर घेऊ नका, फुकट दिलं तरी घेऊ नका.

नेटच्या रंगाचंही तसंच. हिरवी नेट लावली की खाली उभं राहिल्यावर गार वाटतं, आपल्या डोळ्याला सुख वाटतं. पण झाडाला हिरवा उजेड सगळ्यात कमी उपयोगाचा, त्याला हवा तांबडा आणि निळा. हिरवी नेट नेमका तोच जास्त अडवते. काळी नेट सगळे रंग सारखेच कमी करते, ती परवडली. निळ्याचं महत्त्व तर मी डोळ्याने बघितलंय. ट्यूब जाऊन एलईडी आले तेव्हा आमच्याकडे आधी एका रॅकवर जवळजवळ सगळे तांबडे दिवे लावले होते, वाढ जोरात दिसली, सगळे खूश, पण कोंब लुकडे आणि पानं अरुंद. मग निळे वाढवले तसे कोंब ठेंगणे, दणकट व्हायला लागले. निळा उजेड झाडाला आवरून धरतो असं मी नव्या मुलींना सांगायचे. तो निळा एलईडी बनवणाऱ्या, जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, टीव्हीवर बातमी बघताना मला आमचा तो रॅक आठवला होता.

कोणाला वाटेल हे सगळं लॅबवाल्यांचं आहे, शेतकऱ्याला काय करायचंय. पण आपला शेतकरी उजेडाचं हे गणित दुसऱ्या पिकात बरोबर पाळतो. उसाचा खोडवा ठेवताना बुडख्यावरचं पाचट सरीत ओढतो ना, ते कशाला, बुडख्यावर ऊन पडलं की कोंब जोमाने फुटतो म्हणूनच. नाशिककडचे द्राक्षवाले एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काड्या विरळ करतात, डोळ्यांना ऊन मिळालं नाही तर पुढच्या हंगामाचा घडच आत तयार होत नाही हे त्यांना पाठ आहे. माझे वडील नवीन केळीच्या रोपाला दक्षिण आणि पश्चिम बाजूने ताग टोकायचे, दुपारनंतरचं ऊन तागावर अडायचं, त्यांना लक्स माहीत नव्हते पण कुठलं ऊन मारतं ते माहीत होतं. बाटलीतलं रोप आलं, दिसायला तयार माल आला, आणि ही नजर आपण सोडून दिली. आता रोपावर कापडाचं क्रॉप कव्हर घालतात, चांगलंच आहे, पण ते वाऱ्याला आणि थोड्या उन्हाला, कच्च्या रोपाचं पक्कं रोप ते करू शकत नाही.

टिश्यू कल्चरवर माझा राग नाही, उलट त्याने माझं घर चाललंय आणि जिल्ह्याची बाग बदलली. आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बाटलीतल्या बांबूला काही महिन्यात फुलं आणली होती, जो बांबू बाहेर फुलायला वर्षानुवर्षं घेतो, १९९० साली नेचर या विज्ञान साप्ताहिकात ते छापून आलं होतं. एवढं या कामात सामर्थ्य आहे. सरकारने २००६ पासून टिश्यू कल्चर रोपांसाठी प्रमाणपत्राची पद्धतही आणली, त्यात व्हायरसची तपासणी होते, रोप अस्सल आहे का बघतात. हरण्या या व्हायरसच्या रोगाने बागा उपटाव्या लागल्या तेव्हा त्याची किंमत सगळ्यांना कळली. पण व्हायरस नसलेलं रोपसुद्धा २० दिवस नेटखाली राहून शेतात गेलं तर मरणारच आहे, आणि ते कुठल्याच कागदावर दिसत नाही.

म्हणून माझी कृषी खात्याला आणि नर्सरीवाल्यांच्या संघटनांना विनंती आहे की रोपाच्या बिलावर तीन तारखा लिहिणं सक्तीचं करा, बाटलीतून कधी काढलं, पिशवीत कधी भरलं आणि नेटबाहेर कधी आणलं. खर्च काही नाही, नर्सरीत ट्रेवर तारखेची चिठ्ठी असतेच, तीच बिलावर उतरवायची. आज बिलावर जात असते, लॉट नंबर असतो, रक्कम असते, पण रोपाचं वय नसतं, त्यामुळे नुकसान झालं तर शेतकऱ्याकडे सांगायलाही काही राहत नाही, माझ्या भावाकडे नव्हतं. तारखा असत्या तर पाणी कमी पडलं हे उत्तर देता आलं नसतं.

तोवर ज्यांनी बुकिंग केलंय त्यांनी एक करा. गाडी भरायच्या आधी स्वतः नर्सरीत जा, सकाळी नाही, दुपारी १२ ला जा, आणि आपल्या लॉटमधली चार पाच रोपं उचलून तिथेच उघड्या उन्हात तासभर ठेवा. तयार रोप थोडं पान मिटवेल आणि परत सावलीत नेलं की सावरेल. कच्चं रोप मान टाकेल. नर्सरीवाला नाही म्हणाला तर त्याचा अर्थ काय ते तुम्हाला कळेलच. आणि चुकून कच्ची रोपं पदरात पडलीच तर लगेच लावू नका, झाडाखाली नाहीतर घरच्या शेडनेटमध्ये पिशव्या लांब लांब ठेवा, रोज थोडं थोडं ऊन वाढवा, किमान दोन नवीन पानं उलगडू द्या, दोन आठवडे गेले तरी जाऊ द्या.

हे पत्र लांबलंय, कापावं लागलं तर लेट्यूसचा भाग कापा पण तारखांचा आणि दुपारच्या परीक्षेचा ठेवा, आणि जमलं तर लवकर छापा, आमच्याकडे रोपांच्या गाड्या पुढच्या पंधरवड्यात सुरू होतील.

आपली एक वाचक,
ता. यावल, जि. जळगाव